जांघेतलं दुखणं: ट्यूब लावण्याआधी दाखवा

जांघेत, लिंगावर, योनीच्या बाहेरच्या बाजूला किंवा गुदद्वाराजवळ पुरळ उठलंय आणि ते दुखतंय, अशी अवस्था असेल तर त्यावर काहीही लावू नका आणि उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन केसपेपर काढा. विनंती एवढीच आहे.

‘चार दिवस बघू, नाही उतरलं तर जाऊ’ हे इतर दुखण्यांना एखाद वेळ चालून जातं. इथे चालत नाही. नागिणीवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर नीट लागू पडतात. गुप्तांगावर फोड आणणाऱ्या हर्पिसचंही तेच, जितक्या लवकर गोळ्या सुरू होतील तितके हाल कमी. शिवाय फोड ताजे आणि पाण्याने भरलेले असतात तेव्हाच त्यातला नमुना घेऊन खात्रीचं निदान होण्याची शक्यता जास्त. खपली धरली की त्याच तपासणीत काही न सापडण्याचा संभव वाढतो. म्हणजे लाजेपायी जे चार दिवस आपण घालवतो, नेमके तेच दिवस कामाचे असतात.

आणि त्या चार दिवसांत आपण काय करतो? मेडिकलमध्ये जातो. काउंटरवरची बाई निघून जाईपर्यंत उगाच टूथपेस्ट बघत उभे राहतो, मग आवाज खाली आणून ‘जांघेत खाजतंय, आग होतेय’ एवढंच म्हणतो. दुकानदार काही न विचारता ड्रॉवरमधून एक ट्यूब काढून देतो. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन-चार औषधं एकत्र असतात: बुरशीवरचं एक, जंतूंवरचं एक आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं स्टिरॉइड. दोन दिवसांत लाली ओसरते, खाज थांबते, माणूस खूश. ही किमया स्टिरॉइडची. आतली बुरशी मात्र जागच्या जागी असते, उलट तिला मोकळं रान मिळतं. गजकर्णाची ओळख पटवणारी ती उठावदार गोल कड पुसट होते आणि मग अनुभवी डॉक्टरही बघून पटकन सांगू शकत नाहीत की हे काय आहे. हर्पिसवर तीच ट्यूब लावली तर विषाणूचं फावतं. महिनोन्‌महिने लावत राहिलं तर जांघेतली कातडी कागदासारखी पातळ होते आणि तिथे पडलेले ताणाचे पट्टे जन्मभर जात नाहीत.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे गजकर्ण असं चिवट का झालं, दोन आठवड्यांत जाणारा आजार सहा-सहा महिने घरभर का फिरतो, याचं एक मोठं कारण या ट्यूबा आहेत, असं त्वचारोगतज्ज्ञ घसा फोडून सांगत आले आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियमही केला. नियम आहे, ड्रॉवरही आहे. पावसाळ्यात अर्धवट वाळलेली जीन्स आणि दमट अंतर्वस्त्रं घालून माणसं कामावर जातात तेव्हा तो ड्रॉवर सगळ्यात जास्त उघडतो.

या भागातलं पुरळ बघून घरबसल्या आजार ओळखणं किती अवघड, याचा एकच नमुना देतो. जुलाब लागले म्हणून एखाद्याने ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी घेतली. रात्री लिंगाच्या टोकाला आग व्हायला लागली, सकाळी तिथे लालसर-काळपट चट्टा, वर फोड, फोड फुटून कच्ची जखम. तो हादरतो. बायकोला कसं सांगायचं, तिने विचारलं तर काय उत्तर द्यायचं, याचीच उजळणी चालू होते. प्रत्यक्षात त्याला कुणाकडूनही काही लागलेलं नसतं. त्या गोळीची त्याच्या अंगाला असलेली ही अ‍ॅलर्जी आहे. जखम भरते, मागे काळा डाग राहतो, आणि वर्षभराने तीच गोळी पुन्हा पोटात गेली की तोच डाग, त्याच जागी, पुन्हा पेटतो. काही वेदनाशामक गोळ्या आणि सल्फाची औषधंही हेच करतात. म्हणून दवाखान्यात जाताना गेल्या पंधरा दिवसांत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी झालेली असली तरी, बरोबर न्या. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन जातीच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. त्यांनी लघवीतून साखर जाते आणि त्या साखरेवर तिथली बुरशी पोसली जाते; कातडीला चिरा पडून लघवी करताना जीव जातो. गोळी मनाने मात्र बंद करू नका.

शक्यता आणखीही असतात. खरूज असेल तर रात्री खाज वाढते आणि घरात आणखी कुणीतरी खाजवत असतं. तिचं औषध एकाच रात्री सगळ्या घराने लावायचं असतं. सिफिलिसची पहिली जखम बहुधा दुखतच नाही, म्हणून ती जास्त घातक, आणि पहिल्या काही आठवड्यांत रक्ताचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येऊनही आजार असू शकतो. एमपॉक्सचे (म्हणजे मंकीपॉक्सचे) फोड सुरुवातीला फक्त याच भागात आलेले रुग्ण २०२२ च्या साथीत जगभर दिसले. एवढी ही गर्दी. तेव्हा डॉक्टर पहिल्या दिवशी ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणाले तर ते कच्चे आहेत असं समजून दुसरीकडे पळू नका. त्यांना विचारा: तुम्हाला कशाकशाची शंका आहे, तपासणी कोणती करायची, परत कधी येऊ? खुर्चीतून न उठता, न बघता ट्यूब लिहून देणाऱ्या डॉक्टरला मात्र सरळ म्हणा, ‘एकदा बघता का?’ बायकांनी बाई डॉक्टर मागावी. ती नसेल तर तपासताना नर्सने हजर असावं, हे हक्काने सांगावं.

नागिणीबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. ती कंबरेखालीही येते: एका बाजूची मांडी, ढुंगण, त्याच बाजूचा गुप्तांगाचा भाग. तिच्या दोन टोकांची गाठ पडली की माणूस दगावतो, ही समजूत अजून गावोगाव आहे. म्हणून गेरू फासून नागीण उतरवणाऱ्याकडे नेतात. ती शरीराच्या मधल्या रेषेपलीकडे सहसा जात नाही, कारण ती एका बाजूच्या नसेवरून चालते. गेरूने ती थांबत नाही. गेरूखाली फोड दिसेनासे होतात आणि ७२ तास सरतात, एवढंच होतं. या जागच्या नागिणीत कधी कधी लघवी तुंबते. तसं झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आता घरातल्या मोठ्यांना, नवऱ्यांना, सासवांना. हर्पिसचं निदान झालं म्हणून सुनेला माहेरी धाडण्याआधी एवढं ऐकून घ्या. हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. पहिले फोड आज आले म्हणून लागण आजची असं ठरत नाही, ती कुणाकडून आली हेही ठरत नाही. ओठांवर फोड आणणारा त्याचा भाऊबंद तोंडावाटे खालीही पोहोचतो. आणि रक्ताच्या ‘हर्पिस आयजीएम’ रिपोर्टवर तर संसार मोडूच नका. ती तपासणी बेभरवशाची आहे आणि जुनी-नवी लागण त्यावरून सांगता येत नाही. फोड असताना संबंध टाळायचे, दोघांनी तपासून घ्यायचं. बाई गरोदर असेल तर बाळंतपणाच्या डॉक्टरांना हे सांगितलंच पाहिजे, कारण शेवटच्या महिन्यांत नव्याने झालेली लागण प्रसूतीच्या वेळी बाळाच्या जिवावर बेतू शकते.

एका बाबतीत उद्या सकाळचीही वाट बघू नका. पुरळ दिसतं त्या मानाने वेदना भयंकर, सूज तासातासाने पसरतेय, कातडी जांभळी-काळी पडतेय, घाण वास, ताप, ग्लानी, यातलं काही असेल, विशेषतः माणूस मधुमेही असेल, तर ती फूर्निए गँगरीन, म्हणजे या भागातलं मांस झपाट्याने कुजवणारा संसर्ग, असू शकते. तिथे शस्त्रक्रिया लागते आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयाची इमर्जन्सीच गाठावी लागते. १०८ ला फोन करा.

मेडिकलवाल्यांनो, तुमच्या दुकानात येणारा माणूस आधीच अर्धमेला झालेला असतो. त्याला ट्यूबऐवजी जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाचा पत्ता दिलात तर तुमचा धंदा बुडणार नाही. आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ असं रंगवलेल्या नंबरावर, किंवा मोबाइलवर फोटो मागवून औषध पाठवणाऱ्या अनोळखी वैद्याकडे, स्वतःच्या शरीराचा फोटो पाठवू नका. पहिल्या दिवशीचा एक फोटो स्वतःजवळ जरूर काढून ठेवा, कारण पुरळ रोज रूप बदलतं. तो डॉक्टरांना समोर बसून दाखवा.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात, बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे अशा दुखण्यांची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात, समुपदेशक स्वतंत्र बोलतो, नाव बाहेर जात नाही. एचआयव्हीची चाचणीही तिथेच किंवा शेजारच्या केंद्रात, तुमच्या संमतीनेच होते. ते कुठे आहे हे ठाऊक नसेल, किंवा कुणाला तोंडाने विचारवत नसेल, तर १०९७ हा नंबर फिरवा. फोन फुकट आहे आणि नाव सांगायची गरज पडत नाही.