बोट मुलाचे, बिल बापाचे, नफा कोणाचा?

सिंदेवाहीसारख्या तालुक्याच्या गावी मोबाईलचे अवाच्या सवा बिल घरात आले, किंवा वडिलांच्या खात्यातून काही हजार रुपये वजा झाल्याचा बँकेचा संदेश आला, की खटला उभा राहण्यापूर्वीच निकाल लागतो. आरोपी घरातच सापडतो. तो नववी-दहावीत असतो, त्याच्या हाती फोन असतो आणि बचावासाठी त्याच्यापाशी शब्द नसतात. ‘ही पिढीच वाया गेली’ हे निकालपत्र शेजारी वाचून दाखवतात, ‘फोन दिलातच कशाला?’ हे पुरवणी कलम नातेवाईक जोडतात आणि वडील मुकाट्याने पैसे भरून मोकळे होतात. ज्याच्या तिजोरीत ते पैसे जाऊन पडले, त्याचे नाव मात्र या साऱ्या गदारोळात कोणी उच्चारत नाही.

वस्तुतः जबाबदारीचा क्रम नेमका उलटा आहे. व्यवहारातून ज्याला लाभ झाला, त्याची जबाबदारी पहिली. व्यवहाराचे अधिकार ज्याच्या हाती होते, त्या वडीलधाऱ्यांची दुसरी. आणि ज्याचे बोट पडद्यावर पडले, त्या मुलाची तिसरी. आपल्या समाजात ही उतरंड तिसऱ्या पायरीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. बाजाराला नेमके हेच हवे असते.

साडेपाचशेचे साडेचोवीस हजार

अनपेक्षित बिल हा केवळ मुलांच्या उनाडपणाचा प्रश्न नाही, हे एका प्रकरणाने देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आणले. अहमदाबादमधील एका प्रौढ ग्राहकाचे मोबाईलचे मासिक बिल सरासरी ५५५ रुपये येत असे. ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१३ या एका महिन्याचे बिल आले २४ हजार ६०९ रुपये. भरणा क्रेडिट कार्डावरून आपोआप होण्याची सोय त्याने घेतलेली होती. अर्थात, ‘हे बिल मला मान्य नाही’ असे म्हणण्याची उसंतही यंत्राने ठेवली नव्हती. त्याने ग्राहक मंचाकडे धाव घेतली, तेव्हा कंपनीने बिलाच्या रकमेवर नव्हे, तर मंचाच्या अधिकारावरच आक्षेप घेतला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या आधारे दूरध्वनीच्या बिलांचे वाद ग्राहक मंचांच्या कक्षेबाहेर काढले होते. त्या निकालाची ढाल कंपनीने पुढे केली. अखेर १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच व्होडाफोन आयडियाचे अपील फेटाळून, अशा तक्रारी ग्राहक आयोगांपुढे चालू शकतात, असा स्पष्ट निर्वाळा दिला. बिल २०१३ चे आणि ते कोणी तपासायचे याचा निर्णय २०२२ चा!

सिंदेवाहीच्या धान उत्पादकाच्या हिशेबात हे २४ हजार रुपये म्हणजे काय? २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे दहा क्विंटलांहून अधिक धान! पऱ्हे टाकण्यापासून मळणीपर्यंतच्या कष्टाचे हे मोल. नोकरदार घरात अशा बिलाने महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडते. एका पिकावर वर्ष काढणाऱ्या घरात पुढच्या हंगामाच्या बियाण्याचा पैसाच जातो.

सावकार आणि अज्ञान मुलगा

कायद्याने या प्रश्नाचे मूळ उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ११ वे कलम सांगते, की अज्ञान, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती, करार करण्यास सक्षम नाही. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे कलकत्त्याचे एक प्रकरण गेले. एका अज्ञान मुलाने आपली मालमत्ता सावकाराकडे गहाण ठेवून पैसे उचलले होते. सावकाराच्या माणसाला मुलाचे वय ठाऊक होते, तरीही व्यवहार झाला. न्यायपीठाने तो करार मुळातच शून्य ठरवला आणि दिलेली रक्कम परत मिळवण्याचा सावकाराचा दावाही मान्य केला नाही. तत्त्व साधे होते. समोर मूल आहे हे जाणून जो व्यवहार करतो, त्याने नुकसानीचे रडगाणे गाऊ नये.

आजचा सावकार पडद्याआड बसतो. खेळ मुलांसाठी, त्यातील चित्रे मुलांना आवडतील अशी, जाहिरात मुलांच्या डोळ्यांसमोर. आणि पैसे वसूल करण्याची वेळ आली, की कंपनी म्हणते, ‘आमचा करार वडिलांशी आहे.’ हा युक्तिवाद कागदावर खरा असतो, कारण अठरा वर्षांखालील व्यक्तीला मोबाईलचे सिमकार्डच विकता येत नाही. म्हणजे मुलाच्या हातातील प्रत्येक फोन कोणा वडीलधाऱ्याच्या नावावर असणार, हे कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. विकताना ग्राहक मूल आणि वसुलीच्या वेळी ग्राहक बाप, ही दुहेरी भूमिका न्यायाची नव्हे.

संमतीचा बाजार

‘ग्राहकानेच सावध राहावे’ हा उपदेश कंपन्या नेहमी करतात. परंतु सावधपणाची संधीच मिळू नये, अशी रचना करून कमाई करणाऱ्याला हा उपदेश करण्याचा अधिकार उरत नाही. कॉलर ट्यून, क्रिकेटचा धावफलक, दैनंदिन भविष्य अशा ‘मूल्यवर्धित’ सेवांचे पैसे न मागता कापले जात असल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा कुठे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०११ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये निर्देश काढून ग्राहकाची दुहेरी संमती सक्तीची केली. अशी सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा निःशुल्क क्रमांक आला. ग्राहकाची संमती एकदा नव्हे, दोनदा घ्या, असे नियामकाला बजावावे लागते, याचा अर्थ पहिल्या संमतीचे काय होत होते, हे सांगायला नको.

अमेरिकेतही चित्र निराळे नव्हते. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने मुलांनी पालकांच्या नकळत केलेल्या खरेदीबद्दल ॲपल कंपनीला जबाबदार धरले. पालकाने एकदा सांकेतिक शब्द टाकला, की पुढील पंधरा मिनिटे पुन्हा न विचारता खरेदी होत राही आणि हे पालकाला सांगितले जात नसे. जानेवारी २०१४ मध्ये ॲपलने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत देण्याचे मान्य केले. त्याच वर्षी गुगलने किमान १ कोटी ९० लाख डॉलर परत करण्याची तयारी दाखवली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने ॲमेझॉनलाही दोषी ठरवले. बाजारस्वातंत्र्याचे माहेरघर म्हणवणाऱ्या देशात ‘आईबापांनी मुलांना आवरावे’ हा बचाव टिकला नाही. मग भारतात तो ब्रह्मवाक्य म्हणून का स्वीकारावा?

भारतातही कायद्याची पावले पडली आहेत. ग्राहकाला फसवून ‘हो’ म्हणायला लावणाऱ्या तेरा क्लृप्त्यांना, ज्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मज्जाव केला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळलेली संमती घेण्याची अट घातली. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदाही संसदेने संमत केला. परंतु पैज नसलेल्या खेळातील हत्यारे, पोशाख आणि ‘हिरे’ विकण्याचे दुकान त्या बंदीबाहेर आहे, आणि किशोरवयीन मुलांचे बोट घसरते ते याच दुकानात.

घराचा वाटा

कंपनीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, म्हणजे घर दोषमुक्त झाले, असे मात्र नाही. वडिलांचा यूपीआय पिन घरातल्या लहानथोरांना पाठ असतो. बँकेचे संदेश न वाचताच पुसले जातात. आपोआप भरण्याला दिलेली संमती कशासाठी होती, हे दुसऱ्या महिन्यात आठवत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी नियमित वसुली होण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळते; पण १५ हजार रुपयांपर्यंतच्या वसुलीला दर वेळी ओटीपी लागतोच असे नाही. ती सूचना वाचणारा घरात कोणी नसेल, तर नियम काय करील? शिवाय पिन स्वतःच दुसऱ्याच्या हाती दिला असेल, तर बँक तो ग्राहकाचा निष्काळजीपणा मानते. तिथे कायद्याचे छत्र तोकडे पडते, हे पालकांनी ओळखलेले बरे.

तिजोरीची किल्ली दाराच्या खिळ्याला अडकवून कोणी शेतावर जात नाही. मग खात्याची किल्ली मुलाच्या हाती देऊन निर्धास्त राहण्याला विश्वास म्हणावे की आळस? मुलाला पैसे देण्याची मुभा द्यावयाचीच असेल, तर ऑगस्ट २०२४ पासून यूपीआयमध्ये ‘यूपीआय सर्कल’ ही सोय आहे. तीत मर्यादा पालक ठरवतो किंवा प्रत्येक भरण्याला स्वतः मान्यता देतो. अशी मान्यता मागण्या-देण्यानिमित्ताने पितापुत्रांत चार शब्दांचा संवाद होईल, हा लाभ पैशाहून मोठा आहे. घराच्या जमाखर्चाची वही मुलांसमोर उघडी राहण्याची रीत जेव्हा होती, तेव्हा वस्तूची किंमत मुलाला वेगळी शिकवावी लागत नव्हती. धानाच्या पोत्याचे किती आले आणि त्यातले कशाला किती गेले, हे ज्याने ऐकले आहे, त्याला खेळातल्या ‘हिऱ्यां’चा भाव आपोआप कळतो.

भीती मोडली पाहिजे

उरतो तो मुलगा. तो सर्वस्वी निर्दोष नाही. चूक त्याला समजावी, तिची भरपाई त्याने खाऊच्या पैशांतून थोडीथोडी करावी, हे योग्यच. परंतु त्याला एकट्याला गुन्हेगार ठरवण्याची किंमत फार मोठी असू शकते. जुलै २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील छतरपूर येथे, मोबाईलवरील खेळात घरचे सुमारे ४० हजार रुपये गेल्यानंतर तेरा वर्षांच्या एका मुलाने आपले जीवन संपवले. चाळीस हजार रुपये घर पुन्हा मिळवू शकते, मूल नाही. पैसे गेले हे मुलाने घरी येऊन सर्वांत आधी आईला किंवा बाबांना सांगावे, इतका आधार त्याला वाटला पाहिजे. ज्या घरात चूक सांगण्याची भीती मारापेक्षा मोठी असते, तेथे बिल वाढतच जाते आणि संकटही.

पैसे मुकाट्याने भरणे हा सज्जनपणा नव्हे. ती फसवणुकीला दिलेली मूक संमती आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, ती ग्राहक एकटा पडू नये यासाठीच. आज साधने कितीतरी अधिक आहेत. कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. तेवढ्याने भागले नाही, तर २०१९ च्या कायद्याने ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेच दाद मागता येते. सिंदेवाहीकराला त्यासाठी मुंबई-दिल्ली गाठण्याची गरज नाही. चंद्रपूरचा आयोग पुरेसा आहे, तक्रार घरबसल्या ऑनलाईनही दाखल होते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

गावोगावच्या कार्यकर्त्यांना येथे काम आहे. शाळेत, ग्रामपंचायतीत, बचत गटाच्या बैठकीत एक तास द्यावा. पालकांना आपल्या फोनवरच्या आपोआप वसुलीच्या संमती तपासायला आणि नको त्या बंद करायला शिकवावे. ज्याचे पैसे गेले असतील, त्याची तक्रार तिथेच लिहून घ्यावी. एका तालुक्यातून अशा शंभर तक्रारी नोंदल्या गेल्या, तर ‘ही पिढी वाया गेली’ या विलापापेक्षा त्यांचा आवाज कंपन्यांच्या दारी नक्कीच लवकर पोहोचेल. बोट मुलाचे होते, बिल बापाने भरले. आता नफा घेणाऱ्याला उत्तर द्यायला लावणे, हे समाजाचे काम आहे.