सप्तपदी आणि कायदा

तुळशीची लग्ने लागली की लग्नसराईस प्रारंभ होतो. मंगलाष्टके संपून अक्षता पडल्या म्हणजे लग्न लागले, असा घरोघरी समज आहे. कायद्याची दृष्टी मात्र अधिक सूक्ष्म आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या ७ व्या कलमानुसार विवाह वधू वा वर यांपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी व्हावा लागतो. त्या विधींत सप्तपदी असेल, तर सातवे पाऊल पडताच तो पूर्ण व बंधनकारक होतो. हे विधी कोणी सांगावेत, याविषयी कलम मौन पाळते. पुरोहितास परवान्याची अट नाही. स्त्रीस मज्जाव नाही.

म्हणून जबाबदारी नाही, असे मात्र नव्हे. वधू १८ व वर २१ वर्षांचा नसता विवाह लावणाऱ्यास २००६ च्या कायद्यान्वये दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वयाविषयी आपला समज सकारण होता, हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच. तेव्हा पुरोहिताने पत्रिकेआधी जन्मदाखला पाहावा, हे उत्तम.

नोंदणी आवश्यकच, पण विधी न होता मिळवलेल्या केवळ प्रमाणपत्राने या कायद्याखाली विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले. पंगत खोळंबली म्हणून सप्तपदी उरकू पाहणाऱ्या यजमानांनी हे ध्यानी धरावे. अग्नीच्या साक्षीने टाकलेली ती सात पावले धर्माला जितकी प्रिय, तितकीच कायद्यालाही प्रमाण आहेत.