नातवाच्या चेहऱ्यावरून आजोबांवर आरोप

‘जॉन कार्टर’ हा चित्रपट २०१२ साली आला तेव्हा ही तर ‘स्टार वॉर्स’ आणि ‘अवतार’ यांची नक्कल, असा शिक्का अनेकांनी त्यावर मारला. चित्रपट निर्दोष आहे असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. पण हा आरोप म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे होय.

एडगर राइस बरोज यांची मूळ कादंबरी १९१२ साली ‘ऑल-स्टोरी’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. परग्रहावर जाऊन पडलेला योद्धा, तेथील राजकन्या, रिंगणातील श्वापदांशी झुंज, हे सारे तीत आहे. ‘स्टार वॉर्स’ १९७७ चा, ‘अवतार’ २००९ चा. आणि बरोज यांचे ऋण जेम्स कॅमेरॉन यांनी स्वतःच मान्य केले आहे.

मग कॅमेरॉन चोर ठरतात काय? तेही नाही. खुद्द बरोज यांचा कालव्यांचा, मरणपंथाला लागलेला मंगळ पर्सिव्हल लोवेल यांनी १८९५ च्या ग्रंथात मांडलेल्या कल्पनेवर उभा आहे. घेतले कोठून, याहून घेतलेल्याचे केले काय, हा प्रश्न मोठा.

कोणी म्हणेल, प्रेक्षकाला तर ते शिळेच वाटले ना? वाटले असेल, तसे खुशाल लिहावे. परंतु शिळेपणा हा आस्वादाचा अनुभव आहे, आणि नक्कल हा कालक्रमाविषयीचा दावा. दाव्याला पुरावा लागतो. आपण जे आधी पाहिले तेच आधी जन्मले, असे मानणाऱ्याने रसिक जरूर व्हावे. समीक्षक म्हणवून घेऊ नये.