घुसखोर कोण, हे आवईने ठरवायचे काय?



परदेशातून बेकायदा आलेला माणूस सापडला, तर त्याच्यावर कायद्याप्रमाणे कारवाई व्हावी, याबद्दल कोणाचा वाद असण्याचे कारण नाही. सीमा राखणे हे सरकारचे कामच आहे. बांगलादेशातून चोरवाटेने माणसे येतात, हेही नाकारण्यात अर्थ नाही. वाद आहे तो वेगळाच. समोरचा माणूस परदेशी आहे हे ठरवायचे कोणी, आणि कशावरून? बंगळूर शहरात जे घडले त्यावरून या प्रश्नाचा विचार आपण रेल्वे व टपाल कामगारांनी केला पाहिजे.

बंगळूरमध्ये बेळंदूरजवळ करियम्मन अग्रहार नावाची वस्ती आहे. आसपास मोठमोठ्या कंपन्यांच्या इमारती, आणि त्यांच्या सावलीला पत्र्याच्या व ताडपत्रीच्या झोपड्या. घरकाम करणाऱ्या बाया, पहारेकरी, बिगारी अशी कष्टकरी माणसे तेथे राहत. जानेवारी २०२० मध्ये एक चित्रफीत पसरली. ही वस्ती बेकायदा बांगलादेशींची आहे, असे तीत सुचवलेले होते. तेथील आमदारांनीही ती पुढे पाठवली. त्यानंतर १९ जानेवारीला, रविवारी, पोलिस बंदोबस्तात शंभराहून अधिक झोपड्या जमीनदोस्त झाल्या.

मग वस्तुस्थिती बाहेर आली. राहणारे लोक आसाम, त्रिपुरा, पश्चिम बंगालचे होते, आणि कितीतरी जण तर उत्तर कर्नाटकाचेच होते! त्यांच्यापाशी मतदार ओळखपत्रे होती. आसामच्या काहींनी नागरिक नोंदवहीतले आपले नाव दाखवले. महानगरपालिकेने हात झटकले आणि पोलिसांना पत्र लिहिणाऱ्या अभियंत्याला पदावरून दूर केले. प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयातून तेथे गेलेले मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने, हे सारे बांगलादेशी आहेत हा निष्कर्ष काढला कशावरून, असा सवाल केला. पुढे ही कारवाई बेकायदा ठरवून न्यायालयाने पुनर्वसनाची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. पण निकाल येईपर्यंत भांडीकुंडी मातीत गेली होती, त्याचे काय?

ही चूक होते कशी? बंगाली बोलतो म्हणजे बांगलादेशी, असा सोपा हिशेब लावला जातो. पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसामातील बराक खोरे येथे कोट्यवधी भारतीय बंगाली बोलतात, हे कोणी ध्यानात घेत नाही. बेळगावात मराठी बोलणारा माणूस कोणत्या राज्याचा, हे त्याच्या बोलीवरून सांगता येईल काय? मग लुंगी आणि बोली पाहून देश कसा ठरवता?

दुसरी दिशाभूल आकड्यांची. देशात एक कोटी घुसखोर, दोन कोटी घुसखोर, असे आकडे बिनदिक्कत फेकले जातात. २००४ साली केंद्रीय गृहराज्यमंत्र्यांनी राज्यसभेत सुमारे एक कोटी वीस लाखांचा आकडा दिला आणि आसामात ओरड होताच तो ऐकीव माहितीवर आधारलेला असल्याची कबुली दिली. २०१६ साली दुसऱ्या सरकारच्या गृहराज्यमंत्र्यांनी सुमारे दोन कोटी सांगितले. चोरून येणाऱ्यांची नेमकी मोजदाद शक्य नाही, हे सरकारांनीच वेळोवेळी मान्य केले आहे. ज्याची मोजणीच झाली नाही, त्याचा आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : हिशेबाचा कागद दाखव.

आवईची किंमत काय असते, हे बंगळूरने त्याआधीही पाहिले होते आणि त्याचे साक्षीदार रेल्वे कामगारच होते. जुलै २०१२ मध्ये आसामच्या कोक्राझार भागात बोडो व बंगाली मुसलमान यांच्यात दंगली झाल्या. तेथेही मुळाशी 'घुसखोर' हाच शब्द होता. ऑगस्टमध्ये बंगळूरात संदेश फिरू लागले की ईशान्येकडच्या लोकांवर सूड उगवला जाणार. भलतीकडची छायाचित्रे आसामची म्हणून दाखवली गेली. दोन-तीन दिवसांत हजारो लोक बंगळूर स्टेशनवर लोटले आणि रेल्वेला गुवाहाटीसाठी जादा गाड्या सोडाव्या लागल्या. पुण्यातही ईशान्येच्या तरुणांना मारहाण झाली, तेथूनही लोक निघाले. अखेर केंद्र सरकारला एका माणसाने दिवसाला पाचच संदेश पाठवावेत, असे बंधन पंधरा दिवसांसाठी घालावे लागले. म्हणजे घुसखोरीची आवई एकदा सुटली की ती मुसलमान-बोडो, बंगाली-आसामी असा भेद पाहत नाही. परमुलखात पोटासाठी आलेला प्रत्येक जण तिच्या तोंडी सापडतो.

महाराष्ट्राने तरी वेगळे काय केले? जुलै १९९८ मध्ये मुंबईतून जरीकाम करणाऱ्या बंगाली कारागिरांना बांगलादेशी ठरवून पोलिस पहाऱ्यात हावड्याकडच्या गाडीत बसवले गेले. उलुबेडिया स्टेशनात जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले. यात भारतीय नागरिक आहेत, अशी पश्चिम बंगाल सरकारची तक्रार होती. आणि जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात पकडून सीमेपलीकडे ढकललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना ते भारतीय असल्याचे सिद्ध झाल्यावर परत आणावे लागले. सत्तावीस वर्षांत शिकलो काय?

आता काही बंधू म्हणतील, "ते खरे, पण हे लोक कमी पैशात राबतात, त्यामुळे आमची मजुरी पडते." हा प्रश्न खरा आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. पण मजुरी पाडतो कोण? भ्यालेला मजूर किमान वेतन मागत नाही, संघटनेत येत नाही, अपघात झाला तरी तक्रार करत नाही. त्याची भीती जितकी मोठी, तितका कंत्राटदाराचा फायदा मोठा. घुसखोर म्हणून हाकलण्याची धमकी हे मजुरी पाडण्याचेच हत्यार आहे.

याचा पुरावा बंगळूरनेच दिला. जानेवारी २०२० मध्ये जे परप्रांतीय मजूर नकोसे होते, तेच मे महिन्यात हवेसे झाले! टाळेबंदीत श्रमिक गाड्या सुटू लागल्या, मजूर गावी निघाले. ५ मे रोजी मुख्यमंत्र्यांची बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाली आणि लगेच राज्य सरकारने दक्षिण पश्चिम रेल्वेला पत्र लिहून गाड्या रद्द करण्यास सांगितले. देशभर टीका झाल्यावर गाड्या पुन्हा सुरू झाल्या. राहायला छप्पर नको, जायला गाडी नको, पण बांधकामावर हात मात्र हवेत, असा हा व्यवहार आहे.

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा त्या वेळी लागू होता. कंत्राटदाराने परराज्यातून आणलेल्या प्रत्येक मजुराला छायाचित्र लावलेले पासबुक द्यावे आणि त्याचा तपशील दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना कळवावा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. हे कलम इमानाने राबवले असते, तर पोलिस दारात आले तेव्हा निदान कंत्राटावर आलेल्या मजुराच्या हातात उत्तर असते. बुलडोझरला मनुष्यबळ मिळते, कामगार निरीक्षणाला मात्र मिळत नाही! आता त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. तीतील नोंदणीची तरतूद तरी कागदावर राहू नये, हे पाहणे आपले काम आहे.

टपाल कामगारांना एक गोष्ट सांगायला नको. पत्ता अपुरा असला म्हणून आपण पत्र गटारात टाकत नाही. पोस्टमन चौकशी करतो, शेरा मारतो, लागलेच तर ते आर.एल.ओ.ला जाते. पंधरा पैशांच्या कार्डालासुद्धा आपण रीतसर वागवत आलो. माणसाला त्याहून कमी वागणूक का?

तेव्हा शाखांनी तीन गोष्टी कराव्यात. स्टेशन, यार्ड, आर.एम.एस. येथे कंत्राटावर राबणाऱ्या परप्रांतीयांची नावे नोंदवून त्यांना किमान वेतन मिळते की नाही हे पाहावे. घुसखोरीचा संदेश आला, तर कोठला, कधीचा, कोणी तपासला हे विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये. आणि कोणाची नागरिकता तपासायची झाल्यास ती नोटीस देऊन, म्हणणे ऐकून, कायद्याने तपासा, हा आग्रह धरावा.

शेजारच्या कामगाराची झोपडी आवईवर पाडू दिली, तर उद्या आपली नोकरीही आवईवरच जाईल. कामगार एकजुटीचा विजय असो!