तणनाशकाची फवारणी : सुरक्षिततेला निविदेत स्थान हवे

रेल्वेमार्गाच्या खडीत गवत वाढले की पाण्याचा निचरा अडतो आणि रुळांची तपासणी कठीण होते. विद्युत उपकेंद्राच्या आवारातील वाळलेले गवत म्हणजे आगीला आमंत्रण. कालव्यांचे बांध, रस्त्यांच्या बाजूपट्ट्या, गोदामांची आवारे, सर्वत्र हाच प्रश्न आहे. त्यामुळे तणनियंत्रण हे देशभरातील अनेक सरकारी व निमसरकारी कार्यालयांचे नित्याचे काम ठरते. मजूर लावून गवत कापण्यापेक्षा रसायन फवारणे सोपे आणि स्वस्त वाटते, म्हणून तणनाशकाचा मार्ग वारंवार निवडला जातो. ग्लायफोसेट, २,४-डी आणि पॅराक्वाट ही त्यांतील परिचित नावे.

फवारणी सुरक्षितपणे कशी करावी याविषयी उपदेशाची वाण नाही. हातमोजे घाला, तोंड झाका, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, हे सर्व डब्यावर छापलेले असते. तरीही पाठीवर गळका पंप घेतलेला, अनवाणी, उघड्या हातांनी औषध कालवणारा मजूर आपल्याला देशाच्या कोणत्याही भागात दिसतो. मला वाटते, याचे उत्तर त्या मजुराच्या अज्ञानात शोधण्याआधी काम देणाऱ्याने निविदा कशी लिहिली होती, हे पाहिले पाहिजे.

प्रथम कायदा पाहू. कीटकनाशक अधिनियम १९६८ आणि त्याखालील १९७१ चे नियम तणनाशकांनाही लागू होतात. फवारणी करणाऱ्यांची कामावर घेण्यापूर्वी व नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी, योग्य संरक्षक कपडे, श्वसनाची साधने, प्रशिक्षण, रिकाम्या डब्यांची व धुवणाची विल्हेवाट या साऱ्यांची तरतूद नियमांत आहे. मात्र अधिनियमाच्या कलम ३८ ने घरगुती वापर, परसबाग आणि स्वतःच्या कसणुकीखालील जमीन यांना सूट दिली आहे. म्हणजे आपल्या शेतात फवारणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत हा कायदा पोहोचत नाही. पण कार्यालयाच्या आवारात ठेकेदारामार्फत करून घेतलेल्या फवारणीला अशा सवलतीचा आधार घेता येणार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावा अशी अधिसूचना काढली, तिचाही रोख हाच होता : हे काम प्रशिक्षित माणसाचे आहे.

आता प्रत्यक्ष धोका कोठे असतो ते पाहू. सर्वसाधारण समज असा की विष श्वासावाटे जाते. वस्तुतः फवारणीत ते मुख्यतः त्वचेवाटे शरीरात शिरते. सर्वाधिक धोक्याचा क्षण फवारणीचाही नसतो. डब्यातील तीव्र द्रावण मोजून पाण्यात मिसळण्याचा असतो. तेथे रबरी किंवा नायट्राईलचे हातमोजे आणि डोळ्यांवर आवरण अत्यावश्यक. कापडी हातमोजे द्रावण शोषून घेतात आणि ते कातडीला चिकटवून ठेवतात. तोंडाला बांधलेला रुमाल भिजला की त्याचीही तीच गत. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकणे तर सर्वथा वर्ज्य. पॅराक्वाटवर कोणताही उतारा नाही आणि ते फुप्फुसांची कायमची हानी करते. विषबाधेचा संशय येताच रुग्णाबरोबर डबा किंवा त्यावरील लेबल रुग्णालयात नेले पाहिजे, कारण कीटकनाशकांच्या काही विषबाधांवर दिले जाणारे अॅट्रोपिन येथे उपयोगाचे नाही.

दुसरा धोका शेजाऱ्याचा. बारीक थेंब वाऱ्याबरोबर वाहतात. २,४-डी च्या अल्पशा अंशानेही कापूस आणि द्राक्ष यांची पाने वाकडी होतात. म्हणून कमी दाब, चपटा फवारा देणारे नोझल आणि सकाळची मंद वाऱ्याची वेळ आवश्यक.

येथे अर्थशास्त्र आड येते. माझ्या पाहण्यात आलेल्या अनेक निविदांत हे सारे काम एका ओळीत उरकलेले असते : 'तणनाशक फवारून गवत नष्ट करणे, प्रति चौरस मीटर'. या ओळीचे दोन परिणाम होतात. दर क्षेत्रफळावर असल्याने जो लवकर उरकेल त्याला लाभ. मग दुपारचा वारा सुटला तरी पंप थांबत नाही. आणि काम सर्वांत कमी दराला जात असल्याने जो ठेकेदार हातमोजे, गमबूट, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी यांचा खर्च प्रामाणिकपणे धरतो, तोच स्पर्धेतून बाद होतो. खोटे नाणे खऱ्या नाण्याला बाजारातून हाकलते, असे चलनाविषयी म्हणतात. येथे तेच घडते. वाचलेला खर्च नाहीसा होत नाही, तो मजुराच्या शरीराकडे आणि त्याचे कपडे धुणाऱ्या घरातील स्त्रीकडे सरकतो. आपल्या हिशेबाच्या वहीत मात्र तो बचत म्हणून दिसतो.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हेत. पण नंतरच्या चर्चेचा मोठा भाग 'त्यांनी संरक्षक साधने वापरली नाहीत' याभोवतीच फिरला. ती साधने कोणी द्यायची होती, हा प्रश्न मागे पडला. सरकारी कामात तरी हा प्रश्न मागे पडण्याचे कारण नाही, कारण तेथे काम देणारा कोण हे लेखी असते.

यावर उपाय कठीण नाहीत. पहिला, तणनाशक खरोखर हवे आहे का, हे आधी ठरवावे. विहीर, नाला, शाळा यांच्या लगत कापणीच करावी. दुसरा, संरक्षक साधने, प्रशिक्षण व वैद्यकीय तपासणी ही निविदेत स्वतंत्र बाब असावी आणि तिची रक्कम कार्यालयानेच निश्चित करावी, म्हणजे तीत स्पर्धा उरणार नाही. सर्वांना रक्कम समान असल्याने लेखापरीक्षणात 'अधिक दर का दिला' हा आक्षेपही उद्भवत नाही. तिसरा, रसायनाचे नाव, मात्रा, वेळ, वारा आणि फवारणाऱ्यांची नावे यांची रोजची नोंद असल्याशिवाय देयक मंजूर होऊ नये. चौथा, वारा वाढल्यास काम थांबवण्याचा अधिकार जागेवरच्या पर्यवेक्षकाला असावा आणि त्या दिवसाची मजुरी बुडू नये.

मजूर स्वतःच साधने काढून टाकतात, असे सांगितले जाते. ते खरेही आहे. चाळीस अंश तापमानात थंड देशांसाठी बेतलेला प्लास्टिकचा पोशाख कोणीही अंगावर ठेवणार नाही. पण पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, पाठीवर रबरी आवरण, हातमोजे, गमबूट आणि सकाळी सहा ते नऊ ही वेळ, एवढे नक्की पाळता येते. साबण-पाणी आणि कपडे बदलायला आडोसा हेही साधनांतच मोजावे.

आपल्यापैकी अनेक जण कोठल्या ना कोठल्या राज्यात अशा कामांच्या आदेशावर सही करतात, किंवा निदान आपल्या वसाहतीच्या समितीत बसतात. पुढच्या वेळी दरपत्रक समोर येईल तेव्हा सर्वांत कमी आकड्याकडे पाहताना एवढेच विचारावे : यात हातमोज्यांचे पैसे कोठे आहेत? उत्तर मिळाले नाही, तर सही थांबवण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.