अटक छापली, निकाल कुठे आहे?

पालघर जिल्ह्यात बेटेगावात किंवा बोईसरच्या नाक्यावर काही घडले की दुसऱ्या दिवशी बातमी येते: आरोपी ताब्यात, पोलिस कोठडी. पुढचे आरोपपत्र, साक्षी, उलटतपास क्वचितच छापले जातात. माणूस निर्दोष सुटला तरी गावाच्या लेखी आरोपीच राहतो. हा अन्याय वृत्तपत्रांचा आहे.

तारापूर एमआयडीसीच्या प्रदूषणाचेच पाहा. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने 2016 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागितली. न्यायाधिकरणाने नेमलेल्या समितीने 2020 मध्ये 103 उद्योगांकडून सुमारे 160 कोटी रुपये भरपाई घ्यावी अशी शिफारस केली, 24 जानेवारी 2022 ला निकाल लागला. आकडा गाजला. पण तो कसा काढला, कारखान्यांचे म्हणणे काय होते, पैसा कशावर खर्चायचा, हे सारे इंग्रजी निकालपत्रात आहे. नवापूर-दांडीच्या मच्छीमारापर्यंत ते सोप्या मराठीत पोचवणारा माणूस म्हणजे कोर्ट रिपोर्टर.

गडचिंचलेत 16 एप्रिल 2020 ला जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार केले. अफवा देशभर फिरल्या. आरोपींच्या जामिनाच्या अनेक सुनावण्या मात्र ठाण्यात झाल्या. कोणाला कोणत्या कारणाने जामीन मिळाला, हे तिथे बसून ऐकणाऱ्यालाच सांगता येते.

कोर्ट रिपोर्टरच्या या कामाची मोठी लढाई एका वार्ताहराच्या नावावर आहे. 1964 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकावरील बदनामीच्या दाव्यात एका साक्षीदाराची साक्ष छापू नये, असा तोंडी आदेश न्या. तारकुंडे यांनी दिला. ‘ब्लिट्झ’चे नरेश श्रीधर मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. 3 मार्च 1966 ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे ते हरले; न्या. हिदायतुल्ला यांनी एकट्याने विरोधी निकाल दिला. मात्र सुनावणी एरवी खुलीच हवी, हे सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या बहुमताच्या निकालानेही मान्य केले. पुढे न्यायमूर्तींच्या तोंडी शेऱ्यांचे वृत्तांकन रोखायलाही सर्वोच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये नकार दिला.

जबाबदारीही तितकीच आहे. पोक्सो (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा) प्रकरणात मुलीची ओळख उघड करणे गुन्हा आहे. लहान वस्तीत पाडा आणि आरोपीशी नाते छापले की नाव छापायची गरजच उरत नाही. अनुभवी वार्ताहर ते दोन शब्द गाळतो.

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. आता जिल्ह्याचे पान छापणाऱ्या प्रत्येक दैनिकाने इथे पूर्णवेळ कोर्ट रिपोर्टर नेमावा, त्याला ठाणे-मुंबईचा प्रवासखर्च द्यावा आणि अटक ज्या जागी छापली, त्याच जागी निकाल छापावा.