शक्तीची गोळी आणि झाशीचा आखाडा

वरसईचे विष्णुभट गोडसे हे १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात फिरत असता झाशीस येऊन राहिले होते. त्यांचे प्रवासवर्णन पुढे १९०७ साली चिंतामणराव वैद्य यांनी प्रसिद्ध केले. त्यात राणी लक्ष्मीबाईंच्या व्यायामाची हकीकत आली आहे. मल्लखांब आणि घोड्याची रपेट हा त्यांच्या दिनचर्येचा भागच होता. मराठी घराण्याबरोबर मल्लखांबही बुंदेलखंडात पोहोचला होता, असे त्यावरून म्हणावयास हरकत नाही. पुढे याच झाशीत वाढलेल्या ध्यानचंदांनी १९२२ साली सैन्यात प्रवेश केला आणि १९२८, १९३२ व १९३६ अशा तीन ऑलिंपिक सामन्यांत भारतीय हॉकीला सुवर्णपदक मिळवून दिले. मनुष्याचे वृद्धि-हॉर्मोन शुद्ध स्वरूपात प्रथम वेगळे करण्यात आले ते १९५६ साली. म्हणजे राणीसाहेब काय किंवा ध्यानचंद काय, ज्या द्रव्याच्या बळावर त्यांचे देह घडले, ते शुद्ध स्वरूपात त्यांच्या उमेदीच्या काळात कोणाच्याही हाती आलेले नव्हते.

आज व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलाला हे नाव ठाऊक असते, आणि ते द्रव्य वाढविणारी एक गोळी मिळते हेही त्याला मोबाईलवर वाचावयास मिळते. इब्युटामोरेन हे तिचे नाव. मर्क या अमेरिकन औषधनिर्मात्यांनी प्रयोगशाळेत दिलेला एमके-६७७ हा क्रमांकच अधिक प्रचलित आहे. सुई टोचावी लागत नाही, शरीर आपलेच हॉर्मोन आपणच तयार करते, सबब हा उपाय नैसर्गिक आणि निर्धोक आहे, असा तिच्या विक्रेत्यांचा युक्तिवाद असतो. युक्तिवादातील पहिली दोन विधाने खरी आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे, आणि अर्धसत्यावर उभा असल्यामुळेच तो अधिक घातक आहे.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पोषग्रंथी असते. तिच्यातून वृद्धि-हॉर्मोन संथ धारेने झिरपत नाही. ते थांबून थांबून, लाटांनी येते, आणि त्यांतील मोठी लाट रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत उठते. मेंदूतूनच एक द्रव्य तिला 'सोड' म्हणून सांगते व दुसरे 'थांब' म्हणून. बाहेर पडलेले हॉर्मोन यकृताकडून इन्शुलिनसदृश वृद्धिघटक तयार करवून घेते. हाडांची व स्नायूंची पुष्कळशी वाढ या घटकाच्या द्वारे होते. आणि रक्तात तो पुरेसा झाला की तोच उलट पोषग्रंथीला आवरतो. शेतातल्या पाटाला बारे द्यावे तशी ही व्यवस्था आहे.

हे हॉर्मोन म्हणजे १९१ अमिनो अम्लांची साखळी. तोंडावाटे घेतल्यास इतर प्रथिनांप्रमाणे तिचेही पचन होऊन जाते; म्हणून ते टोचावेच लागते. १९५८ साली खुज्या रुग्णावर त्याचा उपयोग झाल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा ते मृतांच्या पोषग्रंथींतून काढावे लागत असे. पुढे हजारो मुलांना ते दिले गेले. १९८५ साली, बालपणी हे उपचार घेतलेल्या काही तरुणांना मेंदूचा नाश करणारा क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोग झाल्याचे उघडकीस आले आणि अमेरिकेत ते हॉर्मोन तत्काळ बंद करण्यात आले. त्याच वर्षी जनुक-तंत्राने बनविलेले हॉर्मोन हाती आले, हे सुदैवच म्हणावयाचे. उत्तम हेतूने, वैद्यांच्या देखरेखीखाली दिलेल्या औषधाचे विषही कित्येक वर्षांनी प्रकट होऊ शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले. तेव्हा चार महिन्यांच्या अनुभवावर निर्वाळा देणाऱ्यांवर कितपत विश्वास ठेवावा?

गोळीचा शोध निराळ्या वाटेने लागला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सिरिल बॉवर्स यांनी पोषग्रंथीला हॉर्मोन सोडावयास लावणाऱ्या छोट्या कृत्रिम साखळ्या तयार केल्या. मर्कच्या रसायनशास्त्रज्ञांनी, पोटात टिकेल आणि तेच काम करील असा एक लहान रेणू घडविला व १९९५ साली तो जाहीर केला. हा रेणू ज्या ग्राहीवर बसतो तो १९९६ साली सापडला. आणि त्या ग्राहीची शरीरातील स्वाभाविक किल्ली १९९९ साली जपानमधील कोजिमा व कांगावा यांना सापडली, ती चक्क उंदराच्या जठरात. या किल्लीचे नाव घ्रेलिन. ते भूक चेतविणारे हॉर्मोन आहे. कुलूप आधी, किल्ली मागून, असा हा विज्ञानातील मौजेचा प्रसंग आहे. परंतु गोळी घेणाऱ्याला अनावर भूक का लागते याचा उलगडाही त्यातच आहे.

गोळीने हॉर्मोन वाढते काय? निःसंशय वाढते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत साठीपुढच्या ६५ निरोगी स्त्रीपुरुषांना रोज २५ मिलिग्रॅम औषध किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. वर्षभरात औषध घेणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सरासरी १.१ किलोग्रॅमने वाढले, इतरांचे अर्ध्या किलोग्रॅमने घटले. येथवर विक्रेते आनंदाने सांगतात. पुढचे वाक्य ते सांगत नाहीत: बळ वाढले नाही, हालचालीची क्षमताही वाढली नाही. चरबीविरहित वजन म्हणजे निव्वळ स्नायू नव्हे. त्यात पाणीही येते, आणि हे औषध शरीरात पाणी साठविते. आरशात दंड भरलेला दिसतो, पण मल्लखांबावर तो देहाचे ओझे अधिक काळ पेलीलच असे नाही.

त्याच चाचणीत उपाशीपोटीची रक्तशर्करा सुमारे ५ मिलिग्रॅमने वाढली आणि इन्शुलिनचा प्रभाव मंदावला. यात नवल नाही, कारण वृद्धि-हॉर्मोन इन्शुलिनच्या विरुद्ध काम करते. पायांना सूज व स्नायूंत वेदना याही तक्रारी आढळल्या. मांडीच्या हाडाचा खुबा मोडलेल्या वृद्धांवरील दुसरी चाचणी तर, औषध घेणाऱ्यांत हृदयाची कार्यक्षमता ढासळल्याची लक्षणे दिसल्यामुळे, मुदतीपूर्वीच थांबवावी लागली; तो वृत्तान्त २०११ चा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगात वृद्धिघटक वाढला, रोग मात्र तसाच पुढे सरकला. ज्या देशात मधुमेह घरोघरी शिरला आहे, तेथे ज्याचे आईबाप मधुमेही आहेत अशा वीस वर्षांच्या मुलाने साखर वाढविणारी गोळी हौसेने घ्यावी, हा व्यवहार कोणत्या हिशोबात बसतो?

या संशोधनाला तुच्छ लेखण्याचे मात्र कारण नाही. याच वर्गातील मॅसिमोरेलिन हे औषध प्रौढांतील हॉर्मोनची उणीव ओळखण्यासाठी अमेरिकेत २०१७ साली मान्य झाले; अ‍ॅनामोरेलिनला कर्करोगाने खंगलेल्या रुग्णांसाठी जपानने २०२१ साली परवानगी दिली. खुद्द इब्युटामोरेनचाही, वाढ खुंटलेल्या मुलांसाठी, वैद्यकीय चाचण्यांतून विचार झालेला आहे. तेथे रक्त तपासणारा वैद्य असतो, मात्रा ठरलेली असते, आणि उणीव खरोखरच असते. निरोगी तरुणाला उणीव कशाची आहे?

बाजारातील मालाची गोष्ट वेगळीच. इब्युटामोरेन कोठेही स्नायू वाढविण्याचे औषध म्हणून मान्य झालेले नाही. म्हणून त्याच्या बाटलीवर पुष्कळदा 'केवळ संशोधनासाठी' असे छापलेले असते. २०१७ साली अमेरिकेत, इंटरनेटवर स्नायुवर्धक म्हणून विकली जाणारी ४४ उत्पादने तपासण्यात आली. लेबलावर लिहिलेली मात्रा खरोखर आढळली ती त्यांपैकी अवघ्या १८ मध्ये. काहींत इब्युटामोरेनही निघाले. दुधात पाणी घालणारा गवळी निदान पाणी तरी ओळखीचे घालतो.

आणि खेळाडूचे काय? जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेने हे द्रव्य सदैव निषिद्ध ठरविले आहे. सामन्याच्या दिवशीही आणि सरावाच्या काळातही. जाणूनबुजून घेतल्याचे ठरल्यास चार वर्षांची बंदी येते, आणि 'डब्यात काय होते ते ठाऊक नव्हते' ही सबब सहसा चालत नाही, कारण शरीरात काय गेले याची जबाबदारी नियमाने खेळाडूचीच मानली आहे. भारतात २०२२ साली यासंबंधी स्वतंत्र कायदाही झाला. तरीही २०२३ साली भारतीय खेळाडूंच्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष निघाले. हे आकडे लाजिरवाणे आहेत. पण त्यांची सारी लाज पोरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. सैन्यात किंवा रेल्वेत खेळाडूंच्या जागेवर नोकरी मिळावी म्हणून धडपडणाऱ्या, लहान गावांतून आलेल्या मुलाला हा डबा प्रथम कोण दाखवितो? पुष्कळदा ज्याच्या पाया पडून तो मैदानात उतरतो तो उस्तादच. शिक्षा खेळाडूला होते आणि पुरवठा करणारा बाहेर राहतो, हे चालू देता कामा नये. प्रशिक्षकाचा परवाना, व्यायामशाळेची नोंदणी आणि पुड्या-डब्यांची विक्री यांवर आधी नजर ठेवावी. बाटलीत लघवी घेण्याची पाळी शेवटची असावी. झाशीच्या ध्यानचंद क्रीडांगणावर येणाऱ्या मुलांना निषिद्ध द्रव्यांची यादी हिंदीत, आणि महाराष्ट्रातील तालमींत ती मराठीत, भिंतीवर लावलेली दिसली पाहिजे. या कामाला रंगाचा एक डबा आणि एक दुपार पुरेशी आहे.